सहा लिटरचा ताप

ब्रइला शहरात कवळ्या बनवणारे चार कारागीर आहेत, पण तिबेरिऊ गर्गेलने केलेली कवळी घालून म्हातारी माणसं अक्रोड फोडतात, अशी त्याची ख्याती. केसाच्या जाडीएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा. दाताच्या बाबतीत असा काटेकोर माणूस, पण त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने खेळांसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि घरात, जिन्यात, शेवटी गावभर जे काही झालं ते मोजायला त्याची पट्टी पुरली नाही.

दोन खोल्यांचं घर. चौथा मजला. तिबेरिऊ, त्याची बायको स्मारांदा आणि स्मारांदाची आई फिलोफ्तेया. स्मारांदा बंदरावर धान्याच्या ट्रकांचं वजन करायची, त्यामुळे वजनमापात तिला फसवणं कठीण. तिने नवऱ्याला जागा दिली ती बैठकीतल्या काचेच्या कपाटातली, जिथे सासूबाईंचा हिरव्या काचेचा मासा तीस वर्षं तोंड वासून उभा होता.

"माशाएवढा आण," ती म्हणाली. "माशाहून मोठा आणलास तर मासा कपाटात आणि तू फ्रिजवर."

तिबेरिऊने माशाचं माप घेतलं आणि सहा लिटरची पेटी मागवली. सहा लिटर म्हणजे बुटाच्या खोक्याहून थोडी छोटी. त्यात त्याने सगळं यंत्र दातात दात बसवावा तसं बसवलं. झाकण लावायला गेला तेव्हा कळलं, की प्रोसेसरच्या डोक्यावर फक्त सत्तेचाळीस मिलिमीटर जागा उरली आहे. प्रोसेसरला गार ठेवणारा कूलर एवढ्यातच बसवायचा.

साधी खेळणारी माणसं एवढ्यात भागवतात. पण तिबेरिऊला ओव्हरक्लॉकिंग करायचं होतं, म्हणजे प्रोसेसरला कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं होतं. जास्त पळवला की तो तापणार, आणि फार तापला की जीव वाचवायला आपोआप सावकाश होणार.

हे खूळ डोक्यात शिरलं एफ्तिमीमुळे. एफ्तिमी गलाट्सचा, जहाजांवर वेल्डिंग करणारा. गलाट्स ब्रइलापासून वीस किलोमीटर, आणि दोन्ही गावांचं कधीच पटलेलं नाही. दर जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ब्रइलाच्या संस्कृतिभवनात छोट्या कॉम्प्युटरांची स्पर्धा भरते. पेटी सात लिटरच्या आत हवी. यंत्राला अर्धा तास ढोर मेहनतीला जुंपायचं. न थांबता, न मंदावता ज्याचं सर्वांत जास्त वेगाने चालेल तो पहिला. तीन वर्षं एफ्तिमीच पहिला. मागच्या वर्षी बक्षीस घेताना तो म्हणाला होता, "ब्रइलाकरांची मशिनं कधी तापत नाहीत. चालू झाली तर तापतील ना!"

तिबेरिऊ प्रेक्षकांत बसला होता. त्या दिवशी त्याने रात्रीचं जेवण निम्मं टाकलं.

तर कूलर. सोयीचे असे तीन. एक बुटका, पंखा वर आणि खाली पत्र्याची पानं, बरोबर सत्तेचाळीस मिलिमीटरचा. दुसरा उंच मनोऱ्यासारखा, ताकदीला उत्तम, पण जवळजवळ वीतभर उंच. तिसरा पाण्याचा: छोटा पंप, दोन नळ्या, आणि पाणी निववायला जाळी. जाळी पेटीच्या बाहेर ठेवावी लागणार.

दुसरा कोणी एक विकत आणून मोकळा झाला असता. तिबेरिऊने काय केलं, तर कामावरून दातांच्या साच्याचं प्लास्टर आणलं आणि बाजारात मिळणाऱ्या अकरा कूलरांच्या मापाचे अकरा पांढरे पुतळे ओतले. एकेक पेटीत बसवून बघायचा, काढायचा, वहीत काही लिहायचा. जेवणाच्या टेबलावर अकरा पुतळे ओळीने वाळत उभे राहिले.

फिलोफ्तेया सूपची वाटी घेऊन आली आणि थबकली.

"हे कोण कोण गेलं?" तिने विचारलं.

"आई, कूलर आहेत ते. नमुने."

"मला वाटलं, थडगी. एवढ्या छोट्या माणसांची का करतोय म्हटलं." तिने एक पुतळा बाजूला सारून वाटी ठेवली. "जावईबापू, दातांचं काम करता करता तुमचे अकलेचे दात पडले की काय?"

अकरांपैकी एकच पुतळा झाकणाखाली बसला, तो बुटक्याचा. म्हणजे निवड झाली. तिबेरिऊने बुटका आणला, बसवला आणि पेटी कपाटात माशाच्या जागी ठेवली.

त्या कपाटाची डावी बाजू उघडी होती, आणि पेटीची गरम हवा निघायची ती डाव्या अंगाने. कपाटाच्या डाव्या अंगाला फिलोफ्तेयाची खुर्ची. संध्याकाळची मालिका बघायला ती खुर्चीत बसली, तिबेरिऊने प्रोसेसर पळवला, आणि पंख्याचा झोत थेट तिच्या मानेवर.

आता फिलोफ्तेयाला यमापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. घरात दोन खिडक्या एकदम उघडल्या तर ती स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायची. तिचा थोरला भाऊ, तिचे दोन दीर आणि शाळेतली एक मैत्रीण, सगळे तिच्या मते आरपार वाऱ्याने गेले. त्यातला एक दीर ट्रॅक्टरखाली सापडला होता, पण ट्रॅक्टरची काच उघडी होती.

सकाळी तिची मान धरली.

"वारं लागलं," ती कपाळ न हलवता म्हणाली, कारण काहीच हलवता येत नव्हतं. "माझ्याच घरात, माझ्याच कपाटातून मला वारं लागलं."

"आई, ती गरम हवा आहे," तिबेरिऊ म्हणाला.

"गरम वारा जास्त वाईट. गार वारा निदान सांगून येतो."

दोन दिवसांनी कॉम्प्युटर अचानक बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तापमान शंभरावर. तिबेरिऊने पेटी उतरवली, तर डावीकडच्या सगळ्या फटी करड्या लोकरीने नीट, टाके घालून बंद केलेल्या. विणकाम सुबक होतं. मधोमध एक छोटं फूलही काढलं होतं.

"हे काय?" तो ओरडला.

"मफलर," सासूबाई म्हणाल्या.

स्मारांदाने दोघांना समोर बसवलं. तिचं म्हणणं थोडक्यात होतं: आईच्या मानेवर वारा येता कामा नये, आणि जेवायच्या टेबलावर यापुढे प्लास्टर दिसता कामा नये. बाकी काय ते करा.

म्हणजे पाणी.

खालच्या मजल्यावर पनाइतकाका राहायचे. आयुष्यभर जहाजबांधणीत नळ जोडण्याचं काम केलेले, आता निवृत्त, आणि जोडायला नळ मिळत नाहीत म्हणून झुरत चाललेले. तिबेरिऊने पाण्याचा संच मागवला आणि त्यांना वर बोलावलं. त्यांनी जाळी हातात घेऊन उलटसुलट केली.

"हे खेळणं आहे," ते म्हणाले.

"काका, हे उत्तम कंपनीचं आहे."

"खेळण्यांची कंपनी उत्तम असेल. तू उद्या कामावर जा. मी आणि तुझ्या सासूबाई बघतो. नळीला वाट कुठून काढायची ते मला घर वाचून कळतं."

"पण जाळीला पंखा लागेल. तो कुठे—"

"वारा नको म्हणाल्यात ना त्या? मग तू विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिबेरिऊ कामावरून आला तेव्हा दोन बारीक काळ्या नळ्या पेटीतून निघून कपाटामागच्या भिंतीत नाहीशा झाल्या होत्या. भोक इतकं सफाईदार, की त्याने बोट फिरवून दाद दिली. जाळी कुठे बसवली असं विचारल्यावर काका म्हणाले, "मागे." सासूबाई म्हणाल्या, "मागे." दोघांनी एकदम म्हटलं, तिथेच त्याला शंका यायला हवी होती. पण ना पंख्याचा आवाज, ना वारा. माणसाला हवं ते मिळालं की तो प्रश्न विचारत नाही.

नळ्यांत पाणी भरायचं तेवढं राहिलं. ती तारीख पाच जानेवारी, बोबोतेआझाच्या, म्हणजे पाणी पवित्र करण्याच्या सणाचा आदला दिवस, आणि पाद्री घरोघरी तीर्थ शिंपडत फिरत होते. विसारिओन पाद्रीबुवा नवीनच आले होते, चाळिशीचे, दाढी काळीभोर. त्यांनी बैठकीत पाऊल टाकलं, तुळशीची जुडी तीर्थात बुडवली, आणि चारी दिशांना शिंपडताना चौथी दिशा नेमकी कपाटाची निघाली. पेटीचं झाकण उघडं होतं.

"नको!" तिबेरिऊ आडवा झाला आणि सगळं तीर्थ त्याच्या शर्टावर पडलं.

पाद्रीबुवांनी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. जुडी खाली केली.

"कितीवर पळवताय?"

"काय?"

"प्रोसेसर. किती वेगावर?"

"पाच पूर्णांक चार गिगाहर्ट्झ," तिबेरिऊ पुटपुटला. "म्हणजे, पळवायचाय. झेपत नाही."

"झेपेल कसा? सहा लिटरमध्ये?" पाद्रीबुवांनी झगा सावरला आणि खुर्ची ओढली. दीक्षा घेण्याआधी ते दोन वर्षं उष्णताशास्त्र शिकले होते, आणि त्यांच्या घरीही एक छोटी पेटी होती, हे मग कळलं. "विजेचा दाब थोडा कमी करा, वेग पाच पूर्णांक एकवर आणा, बुटका पंखा लावा, सुखाने खेळा. तापाचं मूळ कूलर नसतं. तापाचं मूळ हाव असते."

"एफ्तिमी पाच पूर्णांक तीनवर पळवतो."

पाद्रीबुवांनी खुर्ची आणखी पुढे सरकवली. "गलाट्सचा?"

"गलाट्सचा."

"मग पाणीच बरं," ते म्हणाले. "शुद्ध, उकळून वाफेचं केलेलं पाणी भरा, आणि शेवाळ धरू नये म्हणून औषधाचे थेंब."

ते पुढच्या घरी गेले. तिबेरिऊ औषधाची बाटली शोधायला गेला. तो आत असताना फिलोफ्तेयाने नळीचं तोंड उघडलं आणि पाद्रीबुवांनी नुकतंच दिलेलं लिटरभर तीर्थ त्यात ओतलं.

"आई!"

"पाण्यात शेवाळ होतं म्हणाले ना पाद्रीबुवा? तीर्थाला शेवाळ धरत नाही. माझ्याकडे अठ्ठ्याण्णव सालची बाटली आहे, काचेसारखी स्वच्छ. तुझ्या औषधाचं काय वय?"

तिबेरिऊने पंप चालू केला, निदान गळती तरी कळावी म्हणून. पडद्यावरचा आकडा बघून तो खुर्चीत बसला. उठला. पुन्हा बसला.

खोलीत चोवीस अंश होते, सासूबाई त्याहून खाली येऊ देत नसत. प्रोसेसर अकरा अंशांवर होता.

हे होऊ शकत नाही. चहा कपात कितीही वेळ ठेवला तरी तो खोलीहून गार होत नाही, आणि कूलर कितीही चांगला असला तरी त्याचंही तेच. तिबेरिऊने प्रोसेसर पाच पूर्णांक चारवर नेला आणि कामाला जुंपला. जिथे शंभर व्हायचे तिथे अठ्ठावन्न. अर्धा तास. अठ्ठावन्न.

"पाहिलंस?" फिलोफ्तेया म्हणाली आणि छातीवर क्रूस काढला.

दुसऱ्या दिवशी सणाची सकाळ. यंत्र पहाटेपासून चालू. स्मारांदा कपाट पुसायला गेली आणि फडकं हातात तसंच धरून उभी राहिली.

"तिबी, तुझा कॉम्प्युटर रडतोय."

खरंच रडत होता. प्रोसेसरवरच्या पितळी ठोकळ्यावर थेंब जमत होते, फुगत होते आणि एकेक करून खाली ओघळत होते. दोन्ही नळ्यांना घाम फुटला होता. कुठेही गळती नव्हती. पाणी आतलं बाहेर येत नव्हतं. पाणी कुठूनच येत नव्हतं, आणि तरी येत होतं.

फिलोफ्तेया एवढंच म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही," आणि शाल घेऊन जिना उतरली.

दुपारपर्यंत चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत रांग. बायका कापसाचे बोळे घेऊन आल्या. एका आजोबांना गुडघ्याला लावायला दोन थेंब हवे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपला बंद पडलेला फोन आणला आणि कॉम्प्युटरला टेकवला. तिबेरिऊ दारात उभा राहून सांगत होता, "अहो, विजेचं यंत्र आहे, हात लावू नका," आणि लोक त्याच्याकडे देवळाच्या दाराशी बसलेल्या कंजूष माणसाकडे बघावं तसं बघत होते.

शेवटी त्याने पाद्रीबुवांना फोन लावला. ते धावतच आले, जिन्यातली रांग बघून त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"चमत्कार म्हटलं का कोणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळ्यांनीच म्हटलं, पाद्रीबुवा."

"अरे देवा! बिशपांना कळलं तर मला अहवाल द्यावा लागेल. बत्तीस पानांचा. माझ्या आधीच्यांनी एका पाझरणाऱ्या लोणच्याच्या बरणीसाठी लिहिला होता." त्यांनी बाह्या मागे सारल्या. "तापमान दाखवणारा तुकडा बिघडला असेल. माझ्याकडे थर्मामीटर आहे."

त्यांचा थर्मामीटरही अकरा म्हणाला. पाद्रीबुवा चिडले. तिबेरिऊही चिडला. खोलीभर माणसं हात जोडून उभी, आणि हे दोघंच काय ते त्या यंत्राच्या विरुद्ध.

"बरं. पुसून घ्या ते आधी," पाद्रीबुवा म्हणाले. "थेंब म्हणजे दव. खोलीतल्या हवेतली वाफ गार वस्तूवर बसते. दव म्हणजे नळी खोलीहून गार. नळी गार म्हणजे पाणी गार. पाणी गार म्हणजे ते गार कुठेतरी जाऊन येतंय. तिबेरिऊ, तुमची जाळी कुठे आहे?"

"मागे," तिबेरिऊ म्हणाला.

"कशाच्या मागे?"

तिबेरिऊने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पनाइतकाकांकडे पाहिलं. पनाइतकाकांनी छताकडे पाहिलं.

कपाट सरकवलं. नळ्या भिंतीतून आरपार गेल्या होत्या. पाद्रीबुवा, त्यांच्या मागे तिबेरिऊ, त्यांच्या मागे कापसाचे बोळे घेतलेल्या बाया, अशी वरात स्वयंपाकघरातून गॅलरीच्या दारापर्यंत गेली. बाहेर उणे सहा. तिथे फिलोफ्तेयाचं साठ लिटरचं निळं पिंप उभं होतं, हिवाळ्यासाठी खारवलेल्या कोबीचं. दोन काळ्या नळ्या पिंपाच्या झाकणातून आत जात होत्या.

पाद्रीबुवांनी झाकण उचललं. आंबट वास सुटला. कोबीच्या गड्ड्यांखाली जहाजाच्या मुदपाकखान्यातली स्टीलची गुंडाळी होती, चकचकीत, बशीएवढ्या वेढ्यांची.

"जाळी खेळणंच होतं," पनाइतकाका म्हणाले. "मी तिच्यावर मोजे वाळत घातलेत."

"आणि तुम्ही मला 'मागे' म्हणालात!" तिबेरिऊ सासूबाईंवर कडाडला.

"मग? मागेच आहे," फिलोफ्तेया म्हणाली. "पंखा नको, वारा नको, म्हणून मीच म्हटलं, जिथे आधीच सगळं गार आहे तिथे बुडवा. पण तीर्थ ओतल्यावरच गार झालं, हे विसरू नकोस. नुसत्या कोबीला दहा वर्षांत कधी कॉम्प्युटर गार करता आला नव्हता."

पाद्रीबुवांनी झाकण परत लावलं. रांग पांगली. एका बाईने जाता जाता अर्धा गड्डा मागून नेला.

स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. तिबेरिऊने हिशेब मांडला. पिंप सोडून गेलं तर वेग पाच पूर्णांक एक. पिंप घेऊन गेलं तर पाच पूर्णांक चार. पाद्रीबुवांनी कागदावर दोन ओळी लिहून दाखवल्या: साठ लिटर खारं पाणी आणि कोबी अर्ध्या तासात जेमतेम एक अंशाने तापेल.

"तुम्ही कूलर निवडत होता ना?" ते म्हणाले. "यापेक्षा मोठा तुम्हाला देशात मिळणार नाही."

शेवटच्या शनिवारी सकाळी लिफ्ट बंद होती. पिंप तिबेरिऊ, पाद्रीबुवा आणि पनाइतकाका अशा तिघांनी चार मजले उतरवलं. फिलोफ्तेया पुढून "हळू, हळू, माझी कोबी" म्हणत होती. घामाला उपाय म्हणून नळ्यांना तिने करडी लोकर गुंडाळली होती. स्मारांदाने पेटी मांडीवर घेतली आणि वाटेत ती एकच वाक्य बोलली, "कोणी विचारलं तर मी तुमच्यापैकी कोणाला ओळखत नाही."

संस्कृतिभवनात चौदा स्पर्धक. परीक्षक होत्या ओलिंपियाबाई, भवनाच्या संचालिका. एरवी त्या लोकनृत्य शिकवत. कॉम्प्युटरातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण नियमांची वही तोंडपाठ. त्या पिंपाभोवती एक चक्कर मारून आल्या.

"हे काय आहे?"

"कूलर," तिबेरिऊ म्हणाला.

एफ्तिमी गर्दीतून पुढे आला. रुंद खांद्यांचा, भुवया जळालेल्या. "बाई, यंत्राचा प्रत्येक भाग सात लिटरच्या आत, असा नियम आहे. हे साठ लिटरचं आहे. ब्रइलाकरांनी आता आंघोळीचा हौद आणायचा बाकी ठेवलाय!"

ओलिंपियाबाईंनी वही उघडली. "पिंप यंत्राचा भाग असेल, तर स्पर्धक बाद."

तिबेरिऊ पेटी उचलायला वाकला. पण फिलोफ्तेया कंबरेवर हात ठेवून पुढे झाली.

"यंत्राचा भाग? बाई, हे जेवण आहे. माझं. मी माझं जेवण घेऊन आले, आणि जावयाने त्यात नळी घातली. जावई कशात काय घालेल याचा नियम आहे का तुमच्याकडे?"

"जेवण असेल तर खाऊन दाखवा," एफ्तिमी म्हणाला.

तिने झाकण उघडलं, एक गड्डा काढला, चार पानं सोलून एक ओलिंपियाबाईंच्या हातात दिलं. बाईंनी चावलं. थांबल्या. आणखी चावलं. मग वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: "पिंप हा खाद्यपदार्थ आहे. यंत्राचा भाग नाही. खाद्यपदार्थ असल्यामुळे सभागृहात सर्वांसाठी खुला."

एफ्तिमीचे डोळे चमकले. शेवटचा शब्द त्याने बरोबर ऐकला होता.

घंटा झाली. चौदा यंत्रं घोंघावू लागली. तिबेरिऊचं एकटं मुकं, पाच पूर्णांक चार, अठ्ठावन्न अंश. एफ्तिमीचं पाच पूर्णांक तीन, त्र्याण्णव अंश, आवाज शिट्टीसारखा. त्याने आपल्या यंत्राकडे एकदा पाहिलं, उपाहारगृहातून पाव आणि ताटली आणली आणि पिंपाशी येऊन बसला.

"सर्वांसाठी खुलं, नाही का?" असं म्हणून त्याने पहिला गड्डा काढला.

तिबेरिऊला कळायला थोडा वेळ लागला. मग तो धावत पाद्रीबुवांपाशी गेला. "पाद्रीबुवा, तो माझा कूलर खातोय!"

"खातोय खरा," पाद्रीबुवा म्हणाले.

"थांबवा त्याला!"

"कसं थांबवू? भुकेल्याला अन्न नको म्हणू?"

पाचव्या मिनिटाला दोन गड्डे संपले. एफ्तिमीने गलाट्सच्या आणखी चौघांना हाक मारली. ते पाव घेऊन आले. त्यांचं बघून ब्रइलाचेही आले, कारण सकाळपासून कोणी काही खाल्लं नव्हतं आणि कोणीतरी लाल तिखट आणि तेल आणलं होतं. फिलोफ्तेयाला आधी राग आला होता. पण एफ्तिमी तोंड भरलेलं असताना "मावशी, यात शेपू किती टाकलीय?" असं म्हणाला आणि ती विरघळली. तीच आता गड्डे काढून देऊ लागली.

"आई, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?" तिबेरिऊ रडकुंडीला आला.

"जेवणाऱ्याला मोजत नाहीत, जावईबापू."

दहाव्या मिनिटाला तिबेरिऊने धीर करून पडद्याकडे पाहिलं. छप्पन्न. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. पंधराव्या मिनिटाला चोपन्न. पिंप निम्मं मोकळं झालं होतं आणि प्रोसेसर आणखी गार होत चालला होता. त्याने पाद्रीबुवांची बाही ओढली.

पाद्रीबुवांनी पिंपात डोकावलं आणि दाढीत हसले. "कोबी ठासून भरलेली होती. पाणी गुंडाळीपाशी अडकून तापत होतं, त्याला फिरायला वाव नव्हता. आता मोकळं फिरतंय. तो जितका खाईल तितकं तुमचं यंत्र गार."

"त्याला सांगू का?"

"खाणाऱ्याला मध्येच टोकू नये."

एफ्तिमी मान वर करून पडदा बघायचा, आकडा उतरलेला दिसला की दात-ओठ खाऊन आणखी वेगाने तुटून पडायचा. विसाव्या मिनिटाला गड्डे संपले. मग त्याने पेला मागवला आणि खारं पाणी प्यायला सुरुवात केली. सात पेले झाल्यावर त्याचा चेहरा कोबीच्या रंगाचा झाला, आणि आठवा पेला हातात धरून तो बाकावर बसला तो उठलाच नाही.

तिसाव्या मिनिटाला घंटा झाली. तिबेरिऊ पाच पूर्णांक चार. एफ्तिमी पाच पूर्णांक तीन. ओलिंपियाबाईंनी नाव पुकारलं तेव्हा तिबेरिऊ स्टेजवर गेला, पितळी चषक हातात घेतला, आणि वर्षभर मनात घोळवलेलं टोमण्याचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. समोर एफ्तिमी बाकावर आडवा होता आणि फिलोफ्तेया त्याच्या पोटावर हळूहळू हात फिरवत होती. वाक्य घशातच राहिलं.

"कोबी सासूबाईंची होती," एवढं म्हणून तो खाली उतरला.

रिकामं पिंप घरी न्यायला हलकं होतं. स्मारांदाने चषक हातात तोलून वजन सांगितलं, चारशे दहा ग्रॅम. हिवाळ्याचे दोन महिने बाकी आणि घरात कोबीचं पान नाही, हे आता कोण निस्तरणार, असं ती विचारत होती तेवढ्यात फोन वाजला. गलाट्सहून एफ्तिमी.

तिबेरिऊने घाईने हात पुढे केला. पुढच्या वर्षी तो कुठला कूलर लावणार, हे त्याला काढून घ्यायचं होतं.

"तुझ्यासाठी नाही," फिलोफ्तेया म्हणाली आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. मीठ किती, गड्डे कोणत्या गावचे, मक्याचे दाणे घालावेत की नाही, अशी चाळीस मिनिटं चालली. नोव्हेंबरात नव्या कोबीचे गड्डे आपण गलाट्सहून आणू आणि चार मजले वर चढवू, असं त्याने कबूल केल्याचं तिने दारातूनच ओरडून सांगितलं.

"आई, कूलरचं विचारा ना!" तिबेरिऊ म्हणाला.

"गप रे," ती म्हणाली, "महत्त्वाचं बोलतोय आम्ही," आणि तिने दार लावून घेतलं.